झाकणावरचा हात

होळीनंतर विजयचं मेसमधलं काम सुटलं आणि साळव्यांच्या घराचा सगळा भार त्याच्या बायकोच्या, कमलच्या दोन शेगड्यांवर आला. विजय मूळचा नगरचा. एका लष्करी साहेबांच्या ओळखीने तो कलकत्त्याला फोर्ट विल्यमकडच्या मेसमध्ये आचारी म्हणून आला आणि मोठमोठी पातेली उचलून उचलून त्याची कंबर कामातून गेली. ठेका बदलला तेव्हा नव्या ठेकेदाराला वाकता न येणारा आचारी नको होता. आता तो सायकलच्या दोन्ही अंगांना डबे लटकावून सॉल्ट लेकमध्ये फिरायचा. सायकलवर बसलं की दुखत नाही, उतरलं की दुखतं, असं म्हणायचा आणि उतरताना रोज कोणावर तरी चिडायचा.

केष्टोपूरला कालव्याच्या कडेला त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथे कमल पहाटे उठून पोळ्यांना लागायची. भाद्रपदातल्या कलकत्त्यात वारा म्हणून नसतो. पंखा लावावा तर शेगडी विझते, बंद ठेवावा तर पदर पिळून काढावा लागतो. तिच्या मनगटांवर तव्याचे जुने-नवे डाग होते आणि मानेवर घामोळं उठलं होतं. डबे बहुतेक मराठी घरांचे. कोणी बँकेतलं, कोणी सरकारी कचेरीतलं, कोणी बदलीवर आलेलं, आणि सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपन्यांतली काही एकटी राहणारी पोरं. मोहरीच्या तेलाला कंटाळलेल्या या लोकांना कमलची आमटी म्हणजे माहेर वाटायचं. साळवे ख्रिस्ती आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कोणी काही बोलत नसे. आमटी चांगली असली की माणसं फार चौकशा करत नाहीत.

एक सवय मात्र कमलने कोणाला सांगितली नव्हती. डबा भरून झाला की ती झाकणावर उजवा हात ठेवायची, डोळे मिटायची आणि खाणाऱ्याचं नाव घेऊन आशीर्वाद मागायची. तिची आई नगरला दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती रोग्याचं ताट असा हात ठेवल्याशिवाय बाहेर जाऊ देत नसे. कमलला हे कोणी शिकवलं नव्हतं, बघून बघून हातात आलं होतं. तिचा हात सगळ्यात जास्त वेळ थांबायचा तो चंद्रकांत सरदेसायांच्या डब्यावर. सरदेसाई बँकेत मोठे अधिकारी. उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यांचा डबा बिनमिठाचा, वेगळा असायचा. प्रभू, यांच्या काळजाला बळ दे, एवढंच ती म्हणायची, आणि मग पुढच्या डब्याकडे वळायची.

यंदा सरदेसायांच्या देवयानीवहिनी मराठी मंडळींच्या गणपतीचं बघत होत्या. चतुर्थीच्या मोदकांचं काम त्यांनी कमलला दिलं. मोदक लोकांना आवडले तर उत्सवातलं पुढचं जेवणही तिच्याकडेच, शिवाय वर्षभराची बारशी, डोहाळजेवणं, मुंजी. एवढं काम हाती आलं असतं तर विजयला सायकल ठेवून देता आली असती. त्याने गोविंदभोग तांदूळ धुऊन सावलीत वाळवला आणि स्वतः उभा राहून दळून आणला. आंबेमोहोर इथे कुठला मिळायला. त्या दिवशी घरात बऱ्याच महिन्यांनी विजयची शिट्टी ऐकू आली.

चतुर्थी शनिवारी होती. त्याच्या आधीच्या रविवारी एस्प्लनेडजवळच्या देवळात उपासना संपल्यावर तरुण मुलांची सभा भरली. चर्चला देऊळ म्हणायची नगरची सवय कमलची अजून सुटली नव्हती. आयांनी मागच्या बाकांवर पंख्याखालची जागा धरली. पुढे जोसेफदा बोलायला उभा राहिला. कॉलेजात शिकवणारा हा बंगाली तरुण हिंदी बोलायचा आणि त्याच्या तोंडात प्रत्येक शब्द जरा गोल होऊन बाहेर यायचा. आपण स्वतः कॉलेजात असताना चर्चला जातो हे मित्रांपासून कसं लपवून ठेवत होतो, रविवारी क्रिकेट आहे म्हणून कशा थापा मारत होतो, हे त्याने आधी सांगितलं. पोरं हसली. मग तो म्हणाला, या आठवड्यात प्रत्येकाने एका मित्राला, एका मैत्रिणीला आपल्या विश्वासाबद्दल सांगायचं. भाषण करायचं नाही, वाद घालायचा नाही, कोणाच्या देवाला नाव ठेवायचं नाही. तुमच्या घरात तुम्ही प्रभूचं काय पाहिलंत, तेवढंच सांगायचं. भीती वाटेल. वाटू दे. पुढच्या रविवारी इथे उभं राहून सांगा, कोणाला सांगितलंत ते.

कमलची अनुजा दहावीत होती. वर्गात उत्तर दिलं तर दुसऱ्या बाकापर्यंत ऐकू जायचं नाही अशी पोर. मागच्या बाकावरून कमलला तिचा एक कान दिसत होता, आणि तो कान लालबुंद झाला होता. कमलला अभिमान वाटला. आपली मुलगी हे मनावर घेतेय, ही साधी गोष्ट नाही, असं वाटलं. आणि त्याच क्षणी तिला भीतीही वाटली. मुलगी कोणाला सांगणार हे तिला न विचारता कळलं होतं.

बसमध्ये अनुजाने विचारलंच. मधुवंतीला सांगू का? मधुवंती म्हणजे सरदेसायांची मुलगी, अनुजाच्या वर्गातली, तिच्याच बाकावरची. कमल म्हणाली, गणपती होऊ दे, मग सांग. अनुजा म्हणाली, जोसेफदा येत्या रविवारी विचारणार आहेत. विजयने खिडकीतून तोंड आत घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की ज्यांच्या घरच्या कामावर आपण जगतो त्यांना शहाणपण शिकवायला जायचं नसतं, आणि हल्ली लोक कशाचं काय करतील याचा नेम नाही. आपलं घर इथे नाही, गाव इथे नाही, उद्या चार घरांनी डबा बंद केला तर कोणाच्या दारात उभं राहायचं? अनुजाने आईकडे बघितलं. कमल पर्समध्ये सुटे पैसे शोधत राहिली.

बुधवारी अनुजा शाळेतून आली ती दप्तर खांद्यावरच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. चेहरा उजळलेला होता. कमल संध्याकाळची कणीक मळत होती.

झालं असं होतं की मधुवंती मधल्या सुट्टीत जिन्याखाली रडत बसली होती. तिच्या बाबांना रात्री पुन्हा धाप लागली होती आणि परत तपासण्या सांगितल्या होत्या. अनुजाने मधुवंतीला सांगायची वाक्यं दोन दिवस न्हाणीघरात पाठ केली होती. ती सगळी जिन्याखाली उडून गेली. ती एवढंच म्हणाली की माझी मम्मी तुझ्या बाबांच्या डब्यावर हात ठेवून रोज प्रार्थना करते, येशूकडे, त्यांचं नाव घेऊन. मधुवंतीने डोळे पुसले आणि विचारलं, रोज? अनुजा म्हणाली, रोज. रविवारी डबा नसतो तरी करते.

"ती माझा हात धरून बसली मम्मी. बेल झाली तरी," अनुजा म्हणाली.

कमलचे हात कणकेत थांबले होते. तिला लेकीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हात भरलेले होते. मग तिने विचारलं, "ती घरी सांगेल का गं?"

"सांगू दे ना. चांगलंच आहे."

कमलने कणकेवर तेलाचा हात फिरवला आणि बरं म्हणाली. पण अनुजा आत गेल्यावर तिने झाकण न लावताच ती कणीक ठेवून दिली, आणि वर पापुद्रा धरेपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवयानीवहिनींचा फोन आला. रिकामे डबे न्यायला याल तेव्हा पाच मिनिटं थांबा, मोदकांचं बोलायचंय. कमल अनुजाला बरोबर घेऊन गेली. दारातूनच तिला सोफ्यावर बसलेल्या शकुनमावशी दिसल्या आणि ती उंबऱ्यावरच थांबली.

शकुनमावशी इथल्याच. त्यांचे आजोबा कलकत्त्याला आले होते. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, तरी समोरचा माणूस विद्यार्थीच आहे अशा नजरेने बघायच्या. मंडळींच्या गणपतीचं काहीही त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे. आतल्या दारापाशी मधुवंती उभी होती, अनुजाला बघून ती हसली.

देवयानीवहिनी उंबऱ्याशी आल्या. आवाज खाली होता, जवळजवळ खाजगी. "कमलताई, एक विचारू? मधू सांगत होती, तुम्ही ह्यांच्या डब्यावर प्रार्थना करता म्हणून. खरं का?"

कमल तोंड उघडते तोच सोफ्यावरून आवाज आला. "डब्याचं एक वेळ सोड देवयानी. मोदकांचं विचार. एका देवापुढे आधी धरलेलं दुसऱ्या देवाला नैवेद्य म्हणून कसं दाखवायचं?"

मी पुढे धरत नाही हो, मी मागते, असं कमलच्या मनात आलं. नैवेद्य दाखवणं वेगळं आणि खाणाऱ्यासाठी मागणं वेगळं. पण हे उंबऱ्यावर उभं राहून, हातात रिकामे डबे धरून, शाळेतल्या बाईंना कसं समजवायचं? तिच्या डोळ्यांपुढे घरी फडक्यात बांधून ठेवलेली गोविंदभोगची पिठी आली. सायकलवरून उतरताना दात आवळणारा विजय आला. आणि कमल हसली.

"छे हो वहिनी," ती म्हणाली. "सकाळी मला श्वास घ्यायला फुरसत नसते, प्रार्थना कुठली. पोरीचं काहीतरी. या वयात जरा वाढवून सांगायची सवय असते."

बोलून झाल्यावर तिला कळलं की शेवटचं वाक्य तिला कोणी मागितलं नव्हतं. मधुवंतीचं हसू मावळलं. तिने अनुजाकडे असं बघितलं की जणू तिच्या हातात काहीतरी खोटं नाणं आलं होतं. अनुजा आईच्या चपलांकडे बघत होती. देवयानीवहिनींना हायसं वाटेल असं कमलला वाटलं होतं, पण त्या नुसत्या अच्छा म्हणाल्या आणि दाराच्या कडेला हात धरून मागे सरकल्या. ते निरखायला कमलला तेव्हा सवड नव्हती.

शकुनमावशींचं तेवढ्याने समाधान झालं नाही. मोदक घरी नकोत, गणपतीच्या हॉलवरच करा, आमच्या चार बायका मदतीला असतील, असं त्यांनी ठरवून टाकलं. मदत कसली ते सगळ्यांनाच समजलं. कमलने मान हलवली आणि डबे पिशवीत भरले. एक झाकण हातातून निसटून जिन्यावरून खालपर्यंत खणखणत गेलं. अनुजा ते आणायला उतरली, ती वर आलीच नाही, खाली फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

काम हातातून गेलं नाही म्हणून विजय खूश झाला. शहाणपणाने निभावलंस म्हणाला. त्या रात्री जेवायला बसल्यावर प्रार्थनेची पाळी अनुजाची होती. ती म्हणाली, पप्पा, तुम्हीच करा. विजयने घाईघाईत केली. तिघंही एकमेकांकडे न बघता जेवले.

शुक्रवारी अनुजा शाळेतून आली तेव्हा कमलने तिला जवळ बसवून मोदकांचे नारळ खवायला दिले. दोघी बराच वेळ खवत होत्या. मधुवंती दुसऱ्या बाकावर बसायला गेल्याचं कमलला खोदून विचारल्यावर कळलं. वर्गात कोणी काही बोललं नव्हतं, पण आता अनुजाने काही सांगितलं की मुली एकमेकींकडे बघत होत्या.

"तुझ्यासाठीच म्हणाले मी," कमल म्हणाली. "हे घर चालायला नको?"

अनुजाने खवणीवरून हात काढला. बोटाला लागलं होतं, रक्ताचा थेंब खोबऱ्यात पडू नये म्हणून तिने बोट तोंडात घातलं. मग म्हणाली, "माझ्यासाठी मला खोटारडी केलीस?"

कमल खवत राहिली. त्या दिवशीही तिने डब्यांवर हात ठेवला होता, पण आधी दाराकडे बघून. सरदेसायांच्या डब्याशी तर तिला शब्दच सापडेनात. हात झाकणावर होता आणि मनात काहीच येत नव्हतं. देवाशी बोलतानाही आपण चोरासारखे झालोय हे तिला जाणवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी उजाडायच्या आत तिघंही सामान घेऊन सॉल्ट लेकमधल्या हॉलवर पोचले. बाहेर दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू रोवायला सुरुवात झाली होती. विजय सामान ठेवून ठरलेले डबे पोचवायला गेला. ते पहाटे भरून झाले होते. हॉलच्या मागे पत्र्याचं स्वयंपाकघर होतं, तिथे हवा अशी कोंडली होती की चूल पेटायच्या आधीच कमलच्या पाठीवरून घाम ओघळायला लागला. शकुनमावशी खुर्ची टाकून दारात बसल्या. बाकीच्या बायका ओट्याच्या कडेने उभ्या राहिल्या, देवयानीवहिनी त्यांच्यात. मधुवंती केळीची पानं पुसत होती आणि अनुजाच्या बाजूला बघायचं टाळत होती.

कमलने पाण्याला आधण आणलं, त्यात तूप-मीठ घातलं, पिठी वैरली. उकड झाकून वाफ दिली आणि गरम असतानाच परातीत ओतून मळायला घेतली. उकड निवली की मोदकाला चिरा पडतात, त्यामुळे थांबून चालत नाही. तळवे भाजत होते. एरवी अशा वेळी तिच्या तोंडून देवा गं असं निघायचं. आज तिने ओठ घट्ट मिटून घेतले. बायकांची नजर तिच्या हातांपेक्षा ओठांवर होती. एकदा सारण चाखायला तिने ओठ हलवले तर समोरच्या बाईने शेजारणीला कोपराने खुणावलं. कमलला ते दिसलं. भाजलेल्या हातापेक्षा ते जास्त झोंबलं.

पारी करायची, सारण भरायचं, कळ्या घालायच्या, वर टोक काढायचं. माय-लेकी शब्द न बोलता करत होत्या. पहिली चाळण भरली. केळीच्या पानावर मोदक नीट मांडले गेले, खाली पाणी खळखळायला लागलं. अनुजाने मोठं झाकण उचलून त्यावर ठेवलं.

आणि कमलचा उजवा हात उठला. तिने उचलला नव्हता. इतक्या वर्षांत झाकण पडलं की तो आपला आपणच उठायचा. तो झाकणापर्यंत पोचायच्या आत अनुजाने ओट्याआडून तिचं मनगट धरलं.

"मम्मी, नको," ती पुटपुटली. "बघतायत."

कमलने लेकीकडे बघितलं. अनुजाचा वरचा ओठ घामाने भिजला होता आणि डोळ्यांत भीती होती. गेल्या रविवारी जोसेफदासमोर ही भीती तिच्यात नव्हती. नुसता कान लाल झाला होता. ही नवी भीती तिला परवा सरदेसायांच्या उंबऱ्यावर मिळाली होती, आणि ती देणारी दुसरी कोणी नव्हती. आपण लेकीला हे शिकवलं, कमलच्या मनात आलं. तिने हात मागे घेतला. या मोदकांवर त्यांना तो नको होता, आणि मोदक त्यांच्या देवाचे होते. पण तोंड आता मिटून ठेवणं तिला जमेना.

"वहिनी," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "परवा मी तुमच्या दारात खोटं बोलले. अनुजा खरं सांगत होती. मी रोज डब्यांवर हात ठेवून प्रार्थना करते. साहेबांचं नाव घेऊन करते. आज या मोदकांवर हात ठेवलेला नाही, तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. तुम्हाला चालत असतील तर घ्या. माझी मुलगी खोटं बोलत नाही."

मधुवंतीच्या हातातलं पान तसंच राहिलं. एक बाई म्हणाली, म्हणजे इतके दिवस आमच्याही डब्यावर? दुसरीने पदर तोंडाला लावला. देवयानीवहिनी कमलकडे बघत होत्या.

शेवटी शकुनमावशी बोलल्या. हात ठेवलेला नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं आहे, तेव्हा नैवेद्याला अडचण नाही. आरतीची वेळ होत आली, बाकीचं नंतर बघू. पुढच्या चाळणी लावा. निकाल देऊन त्यांनी खुर्ची जरा आत ओढून घेतली.

मग दुपारपर्यंत कमल आणि अनुजा मोदक करत राहिल्या. बायका आता ओठांकडे बघत नव्हत्या, कुठेच बघत नव्हत्या. बाहेर आरती झाली, झांजा वाजल्या, पंगत बसली. मोदक उत्तम झाल्याचं बाहेरून दोन-तीनदा ऐकू आलं. ज्यांनी आतलं ऐकलं होतं त्यांच्यातल्या काहींनी पानातला मोदक बाजूला सारला, काहींनी दोन मागून घेतले. उरलेल्या उत्सवाच्या स्वयंपाकाचं काय, हे कमलला विचारावं लागलं नाही. उद्याच्या भाज्या आणायला दुसऱ्या कोणाला तरी फोन लावल्याचं तिला खिडकीतून ऐकू आलं.

ती मागच्या नळावर पातेली घासत बसली असताना देवयानीवहिनी आल्या. कमल उठायला लागली. त्यांनी हातानेच बसा म्हटलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"सोमवारपासून ह्यांचा डबा नको," त्या म्हणाल्या.

कमलने मान हलवली. प्रार्थना केली म्हणून हे होणारच होतं, तिने मनाशी धरलं होतं.

"प्रार्थनेचं नाही," देवयानीवहिनी म्हणाल्या. "मधूने मला सांगितलं ना, त्या रात्री मला कित्येक दिवसांनी झोप लागली. कोणीतरी ह्यांचं नाव घेतंय रोज. देव कुठला का असेना. परवा मी तुम्हाला विचारलं ते मावशींसाठी नव्हतं. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि तुम्ही हसलात."

कमलच्या हातातली राख पाण्यात वाहून चालली होती.

"आजारी माणसाचं जेवण आहे, कमलताई. मीठ घातलं नाही म्हणता, ते मी तुमच्या शब्दावर त्यांच्या पानात वाढते. आता कसं वाढू?"

त्यांचा आवाज चिरकला. त्या आत निघून गेल्या. बायकांनी धर्मावरून शिव्या घातल्या असत्या तर कमलने खाली मान घालून सोसल्या असत्या, आतून ताठही राहिली असती. हे मात्र सरळ होतं आणि खरं होतं. ती नळाखाली हात धरून रडली, आणि नळाचं पाणी मोठं करून ठेवलं.

निघताना फाटकापाशी मधुवंती आली. ती अनुजासमोर उभी राहिली, काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात आतून तिला हाक आली. तिने अनुजाच्या दंडाला नुसता हात लावला आणि परत पळाली.

विजय डबे संपवून परस्पर घरी गेला होता. माय-लेकी मोठं पातेलं दोन्ही कड्यांना धरून रिक्षाच्या थांब्याकडे चालू लागल्या. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. रस्त्याच्या कडेला बांबू बांधणारी माणसं एकमेकांना हाका मारत होती. पातेलं मध्ये हेलकावत होतं आणि कमलच्या भाजलेल्या तळव्याला कडी रुतत होती.

"सरदेसायांचा डबा गेला," कमल म्हणाली. "बाकीचेही जातील बहुतेक. पप्पांना मी सांगेन."

अनुजा थोडं चालली. "उद्या जोसेफदा विचारतील. कोणाला सांगितलं म्हणून."

"हो."

"मी उभीच राहणार नाही. सांगून काय झालं बघ ना. माझ्यामुळे झालं सगळं."

कमलने पातेलं खाली ठेवलं. भर रस्त्यात. मागून येणारा सायकलवाला बंगालीत काहीतरी बडबडत वळसा घालून गेला.

"तुझ्यामुळे नाही," ती म्हणाली. "तू सांगितलंस तेव्हा त्या बाईला झोप लागली. मी नाही म्हणाले तेव्हा तिची झोप उडाली. मला तिने स्वतः सांगितलंय, आत्ता, नळावर."

अनुजा आईच्या तोंडाकडे बघत राहिली. लेकीच्या हनुवटीला वाळलेली उकड चिकटली होती. मग तिने हळूच विचारलं, "मग सगळं सांगू उद्या?"

"सगळं सांग. मी हसले तेसुद्धा."

"लोक काय म्हणतील तुला?"

"म्हणू देत. मी मागच्या बाकावरच असेन. कोणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव."

रिक्षा येऊन थांबली. अनुजाने आधी आईला बसू दिलं आणि पातेलं स्वतःच्या मांडीवर घेतलं.